कॉम्प्रेस्ड फाइल वाचणारा इंटरफेस: काय झाकावं, काय उघडं ठेवावं

फाइल उघडा, ओळीमागून ओळ वाचा, बंद करा. प्रोग्रामिंग कुठल्याही भाषेत शिका, हे तीन टप्पे अगदी सुरुवातीलाच हाताखालून जातात. पुढे कधीतरी नावाच्या शेवटी 'डॉट जीझेड' असलेली फाइल समोर येते आणि साहजिकच वाटतं की इथेही तेच करता यायला हवं. मला आतल्या ओळी हव्यात. त्या दाबून भरल्यात की मोकळ्या ठेवल्यात, याच्याशी मला काय देणंघेणं?

मागणी रास्त आहे, आणि जवळपास प्रत्येक भाषेतल्या लायब्ररीने ती पुरी करायचा प्रयत्न केला आहे. अडचण अशी की साध्या फाइलबद्दल आपण काही गोष्टी न बोलता गृहीत धरतो. तिचा आकार विचारला की लगेच कळतो. हव्या त्या बाइटवर उडी मारता येते. शेवट आला म्हणजे खरोखर शेवट आला. कॉम्प्रेस्ड फाइलमध्ये यातलं एकही फुकट मिळत नाही. काही गोष्टी मिळतात पण महाग पडतात, काही अर्धवट मिळतात. म्हणून माझ्या मते या इंटरफेसची, म्हणजे लायब्ररी आपल्यासमोर जी फंक्शनं मांडते त्यांची, खरी परीक्षा एवढीच: वाचण्याची कटकट त्याने जरूर झाकावी, पण महाग गोष्ट स्वस्त असल्याचं किंवा अनिश्चित गोष्ट खात्रीची असल्याचं सोंग आणू नये.

आत नेमकं काय असतं

जीझिप ('डॉट जीझेड' फाइलींचं स्वरूप) आणि झिप या दोन्हींच्या पोटात बहुतेक वेळा 'डिफ्लेट' नावाची एकच पद्धत असते. तिची व्याख्या आरएफसी (इंटरनेटच्या नियमांचे दस्तऐवज) १९५१ मध्ये आहे आणि जीझिपच्या वेष्टणाची आरएफसी १९५२ मध्ये. दोन्ही दस्तऐवज मे १९९६ चे.

डिफ्लेटची मुख्य युक्ती म्हणजे आधी येऊन गेलेला मजकूर पुन्हा न लिहिता त्याकडे बोट दाखवणं. 'कखगकखगकखग' हा मजकूर घ्या आणि एक अक्षर म्हणजे एक बाइट असं क्षणभर समजा. पहिली तीन अक्षरं जशीच्या तशी लिहायची आणि पुढे फक्त सूचना द्यायची: '३ मागे जा, ६ उचल'. गंमत अशी की त्या क्षणी मागे तीनच अक्षरं आहेत, सहा नाहीत. पण उलगडणारा प्रोग्राम एकेक अक्षर उचलून पुढे ठेवत जातो, त्यामुळे चौथं उचलायची वेळ येईपर्यंत ते त्यानेच नुकतं लिहिलेलं असतं. एका सूचनेत कमीत कमी ३ आणि जास्तीत जास्त २५८ बाइट उचलता येतात, आणि मागे जायची मर्यादा ३२,७६८ बाइटची. या सगळ्या सूचना मग हफमन कोडने आणखी आखूड केल्या जातात: वारंवार येणाऱ्या चिन्हाला थोडे बिट, क्वचित येणाऱ्याला जास्त.

एवढं कळलं की इंटरफेसबद्दलचे दोन मोठे निष्कर्ष आपोआप निघतात. पहिला सुखाचा: उलगडताना मागचे ३२ किलोबाइट हाताशी असले की पुरे, म्हणून शंभर जीबीची फाइलही अगदी थोड्या मेमरीत सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचता येते. दुसरा दुःखाचा: मधूनच सुरुवात करता येत नाही. मधल्या एखाद्या बाइटवर जाऊन उभं राहिलात तर 'मागे जा' म्हणजे कुठे जा, हेच माहीत नसतं. शिवाय सूचना बिटांच्या मापात असतात, बाइटच्या सीमेवर सुरू होतातच असं नाही.

एकच फंक्शन पुरेल का?

सर्वात सोपा इंटरफेस म्हणजे एक फंक्शन. कॉम्प्रेस केलेले बाइट आत टाका, मोकळे बाइट बाहेर घ्या. लहान संदेश, कॅशमधली नोंद, कॉन्फिगरेशन अशा कामांना हेच हवं, आणि ते देऊ नये असं म्हणणाऱ्यांच्या मी विरोधात आहे. साध्या कामाला साधं हत्यार असावं.

मात्र या फंक्शनला एक जास्तीचा पॅरामीटर हवा आणि तो सक्तीचा हवा: बाहेर जास्तीत जास्त किती बाइट येऊ द्यायचे. कारण साधं गणित आहे. डिफ्लेटमध्ये २५८ बाइटची एक नक्कल सर्वात स्वस्तात लिहायला २ बिट लागतात, एक लांबीच्या कोडला आणि एक अंतराच्या कोडला. २५८ बाइट म्हणजे २,०६४ बिट; भागिले २ केलं की १,०३२ येतात. म्हणजे मुद्दाम रचलेली फाइल उलगडल्यावर हजारपटीने फुगू शकते. दहा एमबीची अपलोड केलेली फाइल तुमच्या सर्व्हरची दहा जीबी मेमरी मागू शकते, आणि त्यात नियमबाह्य काहीही नसतं. पायथॉनच्या झेडलिब या मॉड्यूलमधला उलगडणारा ऑब्जेक्ट कमाल लांबी विचारतो ती याचसाठी, पण तिथे तो पॅरामीटर ऐच्छिक आहे. ऐच्छिक पॅरामीटर घाईच्या वेळी कोणी भरत नाही.

चार आकड्यांचं यंत्र

मोठ्या फाइलसाठी तुकड्यातुकड्याने उलगडावं लागतं, आणि इथे झेडलिबकडे बघितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. जाँ-लू गायी आणि मार्क अॅडलर यांनी लिहिलेली ही लायब्ररी १९९५ मध्ये बाहेर आली. पीएनजी चित्रं असोत की कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिटची साठवण, खाली तिचंच स्वरूप आहे.

तिच्या मध्यभागी एक रचना आहे, आणि त्यात चार गोष्टी महत्त्वाच्या: आत घ्यायचे पुढचे बाइट कुठे आहेत, ते किती उरलेत, बाहेरचे बाइट कुठे ठेवायचे आणि तिथे जागा किती उरली आहे. 'इन्फ्लेट' हे फंक्शन बोलावलं की ते जमेल तेवढं आतून खातं, जमेल तेवढं बाहेर ठेवतं आणि चारही आकडे बदलून परत येतं. झेडलिबच्या या गाभ्याला फाइल म्हणजे काय हे ठाऊकच नाही. तो काही उघडत नाही, नेटवर्कला हात लावत नाही, कशाची वाट पाहत नाही. म्हणून तोच कोड डिस्कवरच्या फाइलला, सॉकेटला, मेमरीतल्या तुकड्याला सारखाच चालतो. इतक्या वर्षांनंतरही हा भाग जुना वाटत नाही.

पण हे यंत्र थेट वापरायला दिलं की एक चूक हमखास होते. लोक लूप अशी लिहितात: आतले बाइट संपले की थांबा. एखादा छोटासा तुकडा आत गेला, बाहेरची जागा भरली, फंक्शन परतलं. आत काही उरलं नाही हे खरं, पण यंत्राच्या पोटात अजून मजकूर शिल्लक असू शकतो, कारण शेवटच्या दोन बिटांतून २५८ बाइट निघणार असतात आणि त्यातले पन्नासच मावलेले असतात. थांबायचं ते 'स्ट्रीम संपली', म्हणजे बाइटचा हा ओघ पूर्ण झाला, असं यंत्राने स्वतः सांगितल्यावर. आणि 'बफर एरर' नावाचा जो कोड येतो तो नावाने घाबरवतो, पण त्याचा अर्थ एवढाच की या खेपेला पुढे सरकता आलं नाही, आत आणखी द्या नाहीतर बाहेर जागा करा.

तेव्हा गाभा असाच ठेवावा, पण सर्वसाधारण वापरणाऱ्याच्या हातात तो देऊ नये. त्याच्यावर एक वाचक बसवावा, म्हणजे 'मला पुढचे काही बाइट दे' एवढं एकच मागणं मान्य करणारा ऑब्जेक्ट. लूप आतमध्ये एकदाच, नीट लिहिलेली.

झेडलिबबद्दल एक तक्रार मात्र नोंदवतो. उलगडायची सुरुवात करताना एक आकडा द्यावा लागतो, खिडकी किती मोठी, म्हणजे किती मागेपर्यंत बोट दाखवता येतं, याचा. ८ ते १५ दिलात तर झेडलिबचं वेष्टण आहे असं धरलं जातं. तोच आकडा उणे दिलात तर वेष्टणच नाही, नुसतं डिफ्लेट. १६ मिळवलेत तर जीझिप. ३२ मिळवलेत तर झेडलिब की जीझिप ते लायब्ररी स्वतः ओळखते. मग कोडमध्ये कुठेतरी '४७' दिसतात आणि वाचणारा डोकं खाजवत बसतो. जुना इंटरफेस न मोडता नवी सोय घुसवायची तर असं होतं, हे समजण्यासारखं आहे. नव्याने रचताना मात्र वेष्टणाच्या प्रकाराला स्वतःचं नाव असावं. आकड्याच्या चिन्हात आणि बेरजेत अर्थ लपवू नये.

थरावर थर

वाचक काय स्वीकारतो हा पुढचा प्रश्न. फाइलचं नाव स्वीकारणारा इंटरफेस दिसायला सुटसुटीत, पण मग नेटवर्कवरून येणारी किंवा मेमरीत असलेली माहिती वाचायला दुसरा इंटरफेस लागतो. गो, जावा, रस्ट या सगळ्या भाषांनी हा प्रश्न सारखाच सोडवला आहे: ज्याला 'वाच' म्हणता येतं अशी कुठलीही वस्तू द्या, आम्ही तिच्यावर बसू आणि आम्हालाही 'वाच' म्हणता येईल. मग खाली बाइट, वर उलगडणारा, त्यावर अक्षरं ओळखणारा, त्यावर ओळी पाडणारा अशी उतरंड रचता येते. फाइलच्या नावाने उघडणारं फंक्शन हवंच, पण ते या रचनेवरचं दोन ओळींचं सोयीचं झाकण असावं.

उतरंडीत थरांची अदलाबदल केली की गंमत जाते. देवनागरीतलं एकेक चिन्ह यूटीएफ-८ या अक्षरं बाइटमध्ये मांडायच्या पद्धतीत ३ बाइट घेतं. उलगडणाऱ्याने दिलेला तुकडा त्या तीन बाइटच्या मध्येच तुटू शकतो, आणि प्रत्येक तुकडा वेगळा वेगळा अक्षरांत बदलायला गेलात की मजकुरात मधूनमधून चौकोन किंवा प्रश्नचिन्हं दिसू लागतात. इंग्रजी मजकुरावर चाचणी घेणाऱ्याला हा दोष कधी दिसतच नाही. अक्षरांचा थर स्वतःची शिल्लक सांभाळणारा हवा.

पायथॉनमध्ये इथेच एक छुपा खड्डा आहे. साधं 'ओपन' काही न सांगता मजकूर देतं. जीझिप मॉड्यूलमधलं 'ओपन' काही न सांगता बाइट देतं. मजकुराचा मोड ३.३ आवृत्तीत, म्हणजे २०१२ मध्ये आला, पण तो मुद्दाम मागावा लागतो. नाव एकच, वागणं निराळं. जुना कोड मोडू नये म्हणून असं ठेवलं असणार, पण 'साध्या फाइलसारखंच' असं वचन दिलं की असल्या फरकांचा जास्तच त्रास होतो.

बंद करण्याचंही एकदा ठरवून टाकावं. उलगडणारा बंद केला की खालची फाइलही बंद व्हावी का? गोमध्ये होत नाही. पायथॉनला तुम्ही स्वतः उघडलेली फाइल दिलीत तर तीही उघडीच राहते. ज्याने उघडलं त्यानेच मिटावं, हा नियम मला पटतो. नियम कुठलाही घ्या, पण दस्तऐवजाच्या पहिल्या परिच्छेदात लिहा.

शेवट नक्की कुठे

माझ्या मते या सगळ्या विषयातली सर्वात धोक्याची जागा हीच आहे, कारण इथे चूक झाली तर बोंब होत नाही. प्रोग्राम मुकाट्याने अर्धी माहिती देतो आणि यशस्वी झाल्याचं सांगतो.

जीझिपच्या नियमांप्रमाणे एका फाइलमध्ये एकापाठोपाठ एक अनेक स्वतंत्र तुकडे असू शकतात. दोन जीझिप फाइली नुसत्या एकापुढे एक चिकटवल्या की तयार होते तीही वैध जीझिप फाइल, आणि ती उलगडली की दोन्हींचा मजकूर सलग मिळायला हवा. हे कोपऱ्यातलं कलम वाटेल, पण यावर मोठमोठी कामं उभी आहेत. जनुकीय माहिती साठवायला जे 'बीजीझेडएफ' स्वरूप वापरतात, ते म्हणजे जास्तीत जास्त ६४ किलोबाइटच्या छोट्या छोट्या जीझिप तुकड्यांची माळ. वेब साठवून ठेवणाऱ्या संग्रहांमधल्या 'वॉर्क' फाइलींतही सहसा प्रत्येक नोंद वेगळा जीझिप तुकडा असते.

आता समजा तुमच्या वाचकाने पहिला तुकडा संपला की 'शेवट' असं सांगितलं. कित्येक जीबींच्या जनुकीय फाइलमधून त्याला फक्त पहिले ६४ किलोबाइट मिळतील. चेकसम (मजकूर बिघडला नाही ना हे पडताळायचा आकडा) बरोबर, एरर नाही, प्रोग्राम आनंदाने पुढे. निष्कर्ष चुकीचे आलेत हे कधी कळेल ते नशिबावर.

रस्टच्या 'फ्लेट२' लायब्ररीत यासाठी दोन वेगळे प्रकार आहेत. 'जीझेडडीकोडर' फक्त पहिला तुकडा वाचतो, 'मल्टीजीझेडडीकोडर' सगळे. दस्तऐवजात हे स्पष्ट लिहिलेलं आहे, तरी आखूड आणि सोपं नाव अर्धवट वाचणाऱ्याला दिलं गेलं आहे, आणि माणूस आखूड नावच उचलतो. गोने उलटं केलं: काही न सांगता सगळे तुकडे वाचले जातात, एकावरच थांबायचं तर तसं सांगावं लागतं. मला गोचा निर्णय बरोबर वाटतो. जावाच्या जीझिप वाचकाने तर बरीच वर्षं पुढचा तुकडा आहे की नाही हे खालच्या स्ट्रीमला 'आत्ता किती बाइट तयार आहेत' असं विचारून ठरवलं. नेटवर्कवरून येणाऱ्या माहितीत त्याचं उत्तर शून्य येऊ शकतं, कारण पुढचं पाकीट अजून वाटेत असतं. 'आत्ता नाही' याचा अर्थ 'कधीच नाही' असा लावला गेला.

याच्या उलट बाजूचा प्रश्न अर्धवट तुटलेल्या फाइलचा. डाउनलोड मध्येच थांबलं, डिस्क भरली, आणि फाइल ऐन वाक्यात संपली. इथे वाचकाने स्पष्ट एरर द्यायलाच हवी. पायथॉन देतो. झेडलिबचं फाइल वाचणारं फंक्शन 'जीझेडरीड' मात्र तसं करत नाही: मिळालं तेवढं देतं, आणि तक्रार राखून ठेवतं ती फाइल बंद करणाऱ्या 'जीझेडक्लोज'च्या परतीच्या कोडमध्ये. तुम्हीच सांगा, फाइल बंद करताना परत आलेला आकडा तपासणारे किती जण पाहिलेत? एरर ज्या कॉलमध्ये घडते त्याच कॉलमध्ये समोर यावी, आणि 'नीट संपलं' व 'मध्येच आटलं' यांना कधीही एकच उत्तर असू नये.

शेवटी येणाऱ्या चेकसमची एक मर्यादा मात्र कोणत्याही इंटरफेसला टाळता येत नाही. जीझिपच्या प्रत्येक तुकड्याच्या शेवटी ८ बाइट असतात: ४ चेकसमचे, ४ मूळ लांबीचे. म्हणजे मजकूर बरोबर होता की नाही हे कळतं तो संपूर्ण वाचून झाल्यावर. तोवर तुमच्या प्रोग्रामने पहिल्या ओळी डेटाबेसमध्ये घातलेल्याही असतात. सगळं तपासून मगच द्यायचं म्हटलं तर सगळं मेमरीत धरावं लागेल, मग स्ट्रीम कसली? इथे इंटरफेसने प्रामाणिकपणे सांगावं की शेवट एररशिवाय येईपर्यंत दिलेलं सगळं तात्पुरतं समजा. वापरणाऱ्याने तात्पुरत्या नावाच्या फाइलमध्ये लिहावं, शेवट नीट आला की नाव बदलावं, किंवा डेटाबेसचा व्यवहार तेव्हाच पक्का करावा.

तुकडा संपल्यावर मागे उरलेल्या बाइटचं काय, हाही प्रश्न आहेच. उलगडणारा खालून मोठे घास घेतो, त्यामुळे कॉम्प्रेस्ड भाग संपून पुढे दुसरंच काही सुरू झालं असेल तर तेही त्याने गिळलेलं असतं. पायथॉनमध्ये असे न वापरलेले बाइट वेगळे परत मागता येतात. गोमध्ये खालचा वाचक एकेक बाइट देऊ शकत असेल तर उलगडणारा गरजेपुढे एक बाइटही वाचत नाही. कुठलीही पद्धत चालेल, पण काही तरी हवी. फाइलच्या शेवटी शून्यांची रांग असेल तर जीझिपचं आज्ञावलीवरचं साधन तिच्याकडे काणाडोळा करतं, इतर कचरा असेल तर इशारा देऊन दुर्लक्ष करतं. लायब्ररीने असला निर्णय परस्पर घेऊ नये, वापरणाऱ्याला विचारावं.

आकार आणि उडी

'उलगडल्यावर फाइल किती मोठी होईल?' असं विचारणारं फंक्शन देण्याचा मोह फार होतो. जीझिपच्या शेवटच्या ४ बाइटमध्ये मूळ लांबी असते ना! असते, पण फक्त ३२ बिटांची. मूळ फाइल ५ जीबीची असेल तर तिथे १ जीबी लिहिलेलं सापडतं, कारण ४ जीबीला आकडा पुन्हा शून्यावर येतो. शिवाय फाइलमध्ये अनेक तुकडे असतील तर ती लांबी फक्त शेवटच्या तुकड्याची. असं फंक्शन लहान फाइलींवर बरोबर चालतं आणि नेमकं मोठ्या फाइलींवर खोटं बोलतं, म्हणजे चाचणीत पास आणि खऱ्या कामात नापास. देऊच नये.

झेडस्टँडर्ड या २०१६ मध्ये आलेल्या कॉम्प्रेशनच्या स्वरूपात हे जास्त नीट आहे. लांबी सुरुवातीलाच लिहिता येते, पण लिहिलीच पाहिजे असं नाही, आणि लायब्ररीचं फंक्शन 'माहीत नाही' हे वेगळं उत्तर देऊ शकतं. तरी तो फाइल बनवणाऱ्याचा दावा आहे. त्यावर विसंबून आधीच तेवढी मेमरी मागून बसू नये.

उडीची कथा याहून मजेशीर. झेडलिबमध्ये 'जीझेडसीक' आहे, दिसायला साध्या सीकसारखंच. पुढे उडी मागितली की ते मधलं सगळं उलगडून फेकून देतं. मागे उडी मागितली की कॅसेटसारखं थेट सुरुवातीपर्यंत जाऊन पुन्हा पहिल्यापासून वाजवत येतं. दस्तऐवजात हे फार हळू असू शकतं असा इशारा आहे, पण इशारा वाचतो कोण? एखादी लायब्ररी रेकॉर्ड वाचताना सवयीने दर वेळी चार बाइट मागे जाते, आणि काही सेकंदांचं काम तासांवर जातं. कोडमध्ये बघाल तर एकही ओळ चुकीची नसते.

म्हणून साध्या वाचकावर उडी नसावीच. ज्याला ती हवी त्याने वेगळा प्रकार मागावा, आणि तो प्रकार फक्त अशा फाइलवर तयार व्हावा जिथे उडी खरोखर परवडते. ती परवडण्यासारखी करता येते. झेडलिबसोबत 'झेडरॅन' नावाचं उदाहरण येतं. ते फाइल एकदा पूर्ण वाचून ठरावीक अंतरावर खुणा करतं. प्रत्येक खुणेत त्या जागेचा बिटपर्यंतचा पत्ता आणि तिच्या आधीचे ३२ किलोबाइट ठेवतं, म्हणजे 'मागे जा' म्हणजे कुठे हा प्रश्न सुटतो. हिशेब करा: १ जीबी मजकुरावर दर १ एमबीला एक खूण म्हणजे १,०२४ खुणा, गुणिले ३२ किलोबाइट, म्हणजे इंडेक्सच ३२ एमबीचा. फुकट नाही, पण किंमत डोळ्यांसमोर आहे.

बीजीझेडएफने दुसरा रस्ता धरला, तो मला जास्त देखणा वाटतो. तुकडे मुळातच लहान आणि स्वतंत्र असल्याने पत्ता दोन भागांत सांगता येतो: तुकडा फाइलमध्ये कुठे सुरू होतो आणि उलगडलेल्या तुकड्यात आपण कितव्या बाइटवर आहोत. पहिल्याला ४८ बिट, दुसऱ्याला १६, मिळून ६४ बिटांचा एकच आकडा. तो आकडा साठवा, नंतर परत द्या, तुम्ही थेट तिथे पोचता आणि फार तर ६४ किलोबाइट जास्तीचे उलगडावे लागतात. मात्र हे पत्ते एकमेकांतून वजा केले तर उत्तराला काहीच अर्थ नाही. भाषेत सोय असेल तर या पत्त्याला स्वतःचा प्रकार द्यावा, ज्यावर बेरीज-वजाबाकी चालतच नाही. कंपायलरच अडवेल.

(जाता जाता: बीझिप२ या कॉम्प्रेशनच्या आणखी एका स्वरूपात प्रत्येक ब्लॉकच्या सुरुवातीला जी ४८ बिटांची खूण असते तिचे हेक्साडेसिमलमधले अंक ३१४१५९२६५३५९ असे आहेत. पाय ओळखला असेलच. ब्लॉक सहसा फार तर ९०० किलोबाइट मजकुराचे आणि एकमेकांवर न विसंबणारे, त्यामुळे तिथेही खुणा शोधत मधूनच सुरुवात करता येते, फक्त त्या बाइटच्या सीमेवर नसतात.)

झिपला मात्र या कुटुंबात ओढू नये. झिप हा फाइलींचा संग्रह आहे आणि त्याची अनुक्रमणिका सर्वात शेवटी असते. ती वाचायची तर खालच्या फाइलवर उडी मारता यायलाच हवी. 'दे ते वाचतो' म्हणणाऱ्या स्ट्रीमवर झिप नीट बसत नाही. त्याचा इंटरफेस नावांची यादी देणारा असावा, आणि त्या यादीतल्या एकेका नावामागे वर सांगितलेला साधा वाचक उघडावा.

ओळखायचं कसं

नावाच्या शेवटावर जाऊ नये. जीझिपचे पहिले दोन बाइट ३१ आणि १३९ असतात, झेडस्टँडर्डचे चार ४०, १८१, ४७, २५३. बीझिप२ 'बी', 'झेड' आणि लहान 'एच' या अक्षरांनी सुरू होतं, एक्सझेड या आणखी एका स्वरूपाला सहा बाइटची खूण आहे. मोजके बाइट डोकावून पाहिले की काम झालं. फक्त ते डोकावणं बफर असलेल्या थरात करावं, कारण पाइपमधून वाचलेला बाइट खाली परत ठेवता येत नाही.

आपोआप ओळखणं सोयीचं असलं तरी 'ओळखता आलं नाही' या फांदीवर काय करायचं हे नीट ठरवा. 'जीझेडरीड' अशा वेळी फाइल साधी आहे असं धरून जशीच्या तशी देतं. कधी ते उपयोगी पडतं. पण डाउनलोडच्या जागी सर्व्हरने एररचं वेबपान पाठवलेलं असेल आणि ते 'डॉट जीझेड' नावाने साठवलं गेलं असेल, तर तुमचा प्रोग्राम त्या पानातल्या ओळी माहिती म्हणून वाचायला घेतो. मी दोन नावं ठेवीन: एक 'जीझिपच हवं', दुसरं 'जे असेल ते चालेल'.

एररही अशाच वेगळ्या ओळखता याव्यात: हे स्वरूपच नव्हे, आत बिघाड आहे, मध्येच संपलं, मर्यादा ओलांडली, आणि खालचा वाचकच अडला. पहिल्या चारांवर पुन्हा प्रयत्न करून सहसा काही मिळत नाही. पाचव्यावर मिळू शकतं. मर्यादेत मेमरीही धरा. झेडस्टँडर्डची खिडकी किती मोठी हे फाइलच सांगते, म्हणून तिची लायब्ररी स्ट्रीम उलगडताना १२८ एमबीपेक्षा मोठी खिडकी मागणारी फाइल तुम्ही मुद्दाम परवानगी दिल्याशिवाय नाकारते.

आता चाचण्या, कारण असला इंटरफेस नेहमीच्या फाइलींवर नेहमीच चालतो. खालून एका वेळी एकच बाइट देणारा वाचक बनवा आणि त्यावर सगळं चालवून बघा. बाहेरची जागाही एकाच बाइटची ठेवून बघा. एक छोटी फाइल घ्या आणि तिची प्रत्येक लांबीवर कापलेली प्रत वाचायला द्या. पूर्ण लांबी सोडून प्रत्येक ठिकाणी एरर यायलाच हवी. दोन फाइली चिकटवून द्या, मध्ये रिकामा तुकडा घालून द्या, शेवटी शून्यं जोडून द्या. मधला एक बिट उलटा करा. यातली प्रत्येक चाचणी पाच-दहा ओळींत लिहून होते. कापलेल्या प्रतींची चाचणी सर्वात आधी लिहा, कारण मुकाट्याने अर्धवट वाचणारा कोड तिथेच सापडतो.